शुश्रूषागृहात तीनदा फवारणी झाली, तरी ढेकूण परत येतात

प्रश्न (व्यवस्थापिका):
आमच्या शुश्रूषागृहात 40 वृद्ध राहतात आणि त्यांतील निम्मे अंथरुणाला खिळलेले आहेत. गेल्या चार महिन्यांत ढेकणांसाठी तीन वेळा फवारणी करून घेतली, तरी दोन-तीन आठवड्यांत ते पुन्हा दिसू लागतात. दम्याच्या रुग्णांना दिवसभर दुसरीकडे हलवताना उडणारी तारांबळ वेगळीच. शिवाय औषधांच्या खोलीत अगदी बारीक, पिवळसर मुंग्यांची रांग लागते. काल ती एका आजोबांच्या जखमेच्या पट्टीपर्यंत पोहोचली होती. कंत्राटदार आता अधिक जहाल औषध मारू म्हणतात. मारू द्यावे का?

उत्तर (कीटकनियंत्रणाचे काम करणारा):
मुळीच नाही. ढेकणांच्या अंड्यांवर बहुतेक फवारण्यांचा फारसा परिणाम होत नाही आणि साधारण 6 ते 10 दिवसांत त्यांतून पिल्ले बाहेर पडतात, त्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली नाही, तर पहिली फेरी वाया गेलीच म्हणून समजा. त्यातच नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना दाद न देणारे ढेकूण आता सर्रास आढळतात. मात्रा वाढवली, तर त्रास होतो तो खोलीतल्या माणसांना. आमच्या व्यवसायातले काही जण भिंतीच्या कडेने पंप फिरवून मोकळे होतात, हे मी नाकारत नाही. आपण स्वतः विजेरी घेऊन गादीच्या शिवणी, पलंग वरखाली करणाऱ्या दांड्यांचे सांधे आणि चाकांच्या खुर्च्यांच्या बैठका खालून तपासा. तेथे शाईसारखे काळे ठिपके दिसले आणि ओल्या कापडाने पुसताच ते तांबूस होऊन पसरले, तर ती बहुधा ढेकणांची विष्ठा असते. चादरी खोलीतच पिशवीत बांधून 60 अंशांच्या पाण्यात धुवाव्यात. सांध्यांना वाफ द्यावी. खोली रिकामी ठेवून उपयोग नाही, कारण ढेकूण कित्येक महिने रक्तावाचून तग धरतो.

मुंग्या वर्णनावरून फॅरो मुंग्या वाटतात. त्यांच्यावर फवारू नका, कारण त्यांच्या वसाहतीत अनेक राण्या असतात आणि फवारणीने वसाहत फुटून एकीच्या चार होतात. रांगेच्या वाटेवर विषारी आमिष ठेवावे, रुग्णांचा हात पोहोचणार नाही अशा बेताने.

उत्तर (परिचारिका):
वृद्धांच्या अंगावर चाव्याची गांधी उठतेच असे नाही, आणि स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती तक्रारही करू शकत नाही. म्हणून अंगापेक्षा अंथरूण पाहावे. उलट, प्रत्येक खाज ढेकणांचीच असते असेही नाही. आमच्याकडे एक आजी रात्रभर खाजवत असत. दोन फवारण्या झाल्यावर कोणीतरी त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतील बारीक नागमोडी रेषा पाहिल्या आणि खरूज निघाली. तिला डॉक्टरांचे औषध लागते, तेही निकट संपर्कातील सर्वांना एकाच वेळी.

उत्तर (एका निवासी आजोबांचा मुलगा):
वडिलांची घरची आरामखुर्ची आम्हीच न तपासता तेथे नेली होती. ढेकूण निघाल्यावर कर्मचारी आणि आम्ही महिनाभर एकमेकांवर ढकलत राहिलो, तोवर ते शेजारच्या खोलीत पोहोचले. आत येणारे सामान दारातच तपासायची पद्धत त्यानंतर सुरू झाली.

प्रश्नकर्ती:
आज विजेरी घेऊन पाहिले. पलंगांवर तुरळक ठिपके आहेत; मात्र सामायिक बैठकीच्या खोलीतल्या चाकांच्या दोन खुर्च्यांच्या बैठकीखालची शिवण काळी झाली आहे. तिन्ही फवारण्यांच्या दिवशी रुग्णांना याच खुर्च्यांवर बसवून बाहेर नेले होते.