रॉस पेरोंना दिलेलं मत वाया गेलं का?

प्लेनोकर (टेक्सस)

रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट, दोन्ही पक्ष नकोसे झालेत हे आता इथे अमेरिकेत जो तो म्हणतो. पण तिसऱ्याला मत द्या म्हटलं की लगेच उत्तर येतं, ‘मत वाया जाईल.’ मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर १९९२ ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आठवावी लागेल. तरुण मंडळींनी ती पाहिलेली नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

रॉस पेरो टेक्ससचे उद्योगपती. १९६२ मध्ये डॅलसला ईडीएस ही संगणकसेवा कंपनी काढली आणि १९८४ मध्ये जनरल मोटर्सला विकली. कधी कुठलं पद भूषवलेलं नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये टीव्हीवर लॅरी किंगच्या मुलाखतींच्या कार्यक्रमात ते म्हणाले की लोकांनी पन्नासही राज्यांत माझं नाव मतपत्रिकेवर आणलं तर मी उभा राहीन. आणि लोकांनी ते आणलं! त्यासाठी मतदारांच्या सह्या लागतात. आमच्या टेक्ससात नियम असा की ज्याने प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या आधीच्या मतदानात) मत दिलंय त्याची सही चालत नाही. दुकानांच्या बाहेर टेबलं मांडून माणसं उभी असायची आणि आधी विचारायची, ‘मार्चमध्ये मतदान केलंत का?’ मी केलं नव्हतं. सही केली.

जूनच्या गॅलप जनमत चाचणीत पेरो रिपब्लिकन अध्यक्ष बुश आणि डेमोक्रॅट क्लिंटन दोघांच्याही पुढे होते. १६ जुलैला त्यांनी माघार घेतली, १ ऑक्टोबरला परत आले. ती माघार त्यांना फार महागात पडली असं माझं ठाम मत आहे. तरी नोव्हेंबरमध्ये १८.९ टक्के मतं मिळाली, म्हणजे जवळजवळ एक कोटी सत्त्याण्णव लाख. पण अध्यक्ष ज्यांवर ठरतो ती, राज्यं जिंकून मिळणारी इलेक्टोरल मतं शून्य.

मग मिळालं काय? पेरोंनी टीव्हीवर अर्धा-अर्धा तास विकत घेऊन, हातात तक्ते धरून देशाचं कर्ज आणि तूट समजावून सांगितली, आणि लोकांनी ते बसून पाहिलं. तोवर दोन्ही पक्ष या विषयाला जेवढ्यास तेवढं उत्तर देत होते. इतक्या मतदारांनी या एका प्रश्नावर वेगळी वाट धरल्यावर तो टाळणं कोणालाच परवडेना. १९९८ मध्ये अमेरिकेचा अर्थसंकल्प शिलकी झाला, १९६९ नंतर पहिल्यांदा. माझं मत तिथे पोचलं असं मी मानतो.

मेधा_एडिसन (न्यू जर्सी)

काका, आदर ठेवून सांगते, शिलकीचं श्रेय तुम्ही चुकीच्या माणसाला देताय.

१९९३ चं तूट कमी करणारं विधेयक प्रतिनिधीगृहात २१८ विरुद्ध २१६ असं पास झालं. सिनेटमध्ये ५०-५० झाले आणि उपाध्यक्ष अल गोर यांच्या मताने ते तरलं. रिपब्लिकनांचं एकही मत त्याला मिळालं नाही. ज्या डेमोक्रॅट सदस्यांनी करवाढीच्या बाजूने मत दिलं त्यांतल्या कित्येकांची खुर्ची १९९४ मध्ये गेली. एकेका सदस्याला गाठून, समजावून, दबाव आणून २१८ चा आकडा जमवणारी यंत्रणा म्हणजेच पक्ष. त्या दिवशी सभागृहात पेरोंचा एकही माणूस नव्हता. हवा तापवणं वेगळं आणि कायदा पास करणं वेगळं. पुढे अर्थव्यवस्था वाढली आणि करातून पैसा आला, त्याचाही वाटा मोठा आहेच.

मी पंधरा-वीस वर्षं स्थानिक पातळीवर पक्षाचं काम करतेय. दारोदार फिरते, मतदार नोंदणी करते. पक्षात काय सडलंय ते मला बाहेरच्यांपेक्षा जास्त दिसतं. म्हणूनच सांगते, बाहेरून येऊन एका झटक्यात सगळं साफ करणारा माणूस ही कल्पनाच घातक आहे.

प्लेनोकर

मेधाताई, आकडे बरोबर आहेत. पण त्या २१८ जणांना करवाढीसारखं अप्रिय मत द्यायची गरज का वाटली? देशभरात जवळजवळ दर पाचवा मतदार पेरोंकडे गेला होता, हे त्यांना दिसत होतं. मी पेरोंनी राज्य केलं असतं असं म्हणतच नाहीये. पक्षांना एखादा प्रश्न हातात घ्यायला लावायचा असेल तर मतदाराच्या हातात उठून दुसरीकडे जाण्याशिवाय दुसरं साधन नाही, एवढंच माझं म्हणणं. जो काही झालं तरी तुम्हालाच मत देणार, त्याच्या दाराशी तुम्ही कशाला याल?

कृष्णाकाठ (सांगली)

मला अमेरिकेत मत नाही, पण हा प्रश्न आमच्याकडे नगरपालिकेत रोज दिसतो म्हणून लिहितो.

महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, यावर सरकारं बदलली की कायदा बदलतो. २०१६ ला थेट झाला, २०२० ला रद्द, २०२२ ला पुन्हा थेट. थेट निवडणुकीत बऱ्याचदा असं होतं की नगराध्यक्ष एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं. आमच्या शेजारच्या गावात (नाव घेत नाही) एक चांगले डॉक्टर असेच निवडून आले. पक्ष नाही, पैसा नाही, नुसत्या नावावर. लोकांनी गुलाल उधळला. पण सभागृहात त्यांच्या बाजूचे मोजून तीन-चार. विषयपत्रिकेवर विषय घेतला की सभा तहकूब. पाणीयोजनेचा ठराव महिनोन्‌महिने लटकला. शेवटी डॉक्टरांनी ज्यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली त्यांच्याशीच जुळवून घेतलं. माणूस वाईट नव्हता हो. त्याच्यामागे सभागृह नव्हतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या विधानसभेत १९९५ मध्ये ४५ अपक्ष निवडून आले होते. बहुतेक काँग्रेसचेच बंडखोर. त्यांच्या टेकूवर युतीचं सरकार आलं. म्हणजे अपक्षाला किंमत येते, पण ती मतदाराच्या पदरात पडते का? आणि पक्षांबद्दल म्हणाल, तर २०२२ आणि २०२३ मध्ये आमच्याकडे दोन पक्ष मधोमध चिरले गेले. लोकांनी ज्या चिन्हाचं बटण दाबलं ते चिन्ह आज कोणाकडे, हे विचारावं लागतं. त्यामुळे ‘पक्षावर विश्वास ठेवा’ हे वाक्यही मला सहजासहजी गिळता येत नाही.

नवमतदार (मिशिगन)

माझा जन्म इथलाच, मराठी शाळेत शिकलेय, लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या.

अध्यक्ष निवडण्याचं माझं पहिलं मतदान २०२४ चं. डेमोक्रॅटिक प्रायमरीत बायडन यांच्यासमोर तोडीचं कोणी नव्हतं, मग २१ जुलैला ते बाजूला झाले आणि हॅरिस उमेदवार झाल्या. त्यांना एकाही प्रायमरीत कोणी निवडलेलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला ट्रम्प, ज्यांना मी मत देणं शक्यच नव्हतं. रॉबर्ट केनेडी ज्युनियर अपक्ष होते, ऑगस्टमध्ये थांबले आणि ट्रम्प यांना पाठिंबा दिला. त्यांनी नाव काढायला सांगूनही आमच्या राज्यात ते मतपत्रिकेवर तसंच राहिलं, कोर्टात जाऊनही. म्हणजे माघार घेतलेला माणूस कागदावर होता आणि जो मला हवा होता तसा कोणीच नव्हता. मी अध्यक्षपदाची जागा कोरी सोडली. बाकी सगळी मतं दिली.

घरी मोठं भांडण झालं. बाबा म्हणाले, मिशिगनमध्ये, जिथे निकाल थोडक्या मतांवर ठरतो, तिथे असं करतात का? मला अजून वाटतं की माझ्याकडे दुसरा प्रामाणिक मार्ग नव्हता.

इतिहासवेडा (पुणे)

बाहेरचा माणूस जिंकतो तेव्हा काय होतं याचं उदाहरण हवं असेल तर पेरू देश बघा.

१९९० मध्ये आल्बेर्तो फुजिमोरी यांना निवडणुकीच्या काही महिने आधी फारसं कोणी ओळखत नव्हतं. कृषी विद्यापीठाचे कुलगुरू. ट्रॅक्टरवरून प्रचार केला. जुन्या पक्षांना लोक इतके विटले होते की अंतिम फेरीत समोरासमोर आलेले दोघेही बाहेरचेच, फुजिमोरी आणि कादंबरीकार मारियो व्हार्गास ल्योसा. फुजिमोरी जिंकले, पण संसदेत बहुमत नाही. ५ एप्रिल १९९२ ला त्यांनी लष्कराच्या जोरावर संसदच बरखास्त केली, आणि सर्वांत वेदनादायक गोष्ट ही की बहुसंख्य जनतेने त्याचं स्वागत केलं. कारण संसद म्हणजे ‘ते सगळे चोर’ अशी भावना आधीच पक्की झाली होती. २००० मध्ये या गृहस्थांनी जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला. २००९ मध्ये मानवाधिकारांच्या गुन्ह्यांसाठी २५ वर्षांची शिक्षा झाली. पक्ष मोडले ते मोडलेच. आज तिथे निवडणुकीपुरते पक्ष निघतात आणि अध्यक्ष टिकत नाहीत.

प्लेनोकर, तुमची सही आणि हे टोक यांत अंतर आहे, मान्य. पण ‘पक्ष नको’पासून ‘सभागृह नको’पर्यंत जायला समाजाला फार वेळ लागत नाही. कृष्णाकाठ यांच्या डॉक्टरांनी जुळवून घेतलं, म्हणून मी त्यांना बरं म्हणेन. दुसरा पर्याय लष्कराचा असतो.

प्लेनोकर

पेरूत १९९० मध्ये महागाई हजारो टक्क्यांवर गेली होती आणि ‘शायनिंग पाथ’ या माओवादी बंडखोर संघटनेचा हिंसाचार चालू होता. अमेरिकेशी थेट तुलना होणार नाही. पण तुमची भीती मी हलकी लेखत नाही.

मला मात्र दुसरा धोका जास्त मोठा वाटतो. १९९२ च्या टीव्हीवरच्या वादचर्चांत पेरोंना बुश आणि क्लिंटन यांच्या शेजारी उभं केलं तेव्हा चाचण्यांत ते दहा टक्क्यांच्याही खाली होते. तिथून ते १९ वर गेले. हे पाहिल्यावर १९९६ मध्ये त्यांना चर्चेला बोलावलंच नाही. २००० पासून नियम केला की राष्ट्रीय चाचण्यांत १५ टक्के असतील तरच प्रवेश. हा नियम करणारा आयोग १९८७ मध्ये कोणी स्थापला? दोन्ही पक्षांच्या पक्षाध्यक्षांनी मिळून. टीव्हीवर दिसल्याशिवाय १५ टक्के होत नाहीत आणि १५ टक्के झाल्याशिवाय टीव्हीवर दिसत नाही. ज्या घराचं पुढचं दार असं आतून लावून घेतलंय, तिथे माणसं मागच्या दाराने शिरणारच. ट्रम्प यांचंच बघा. १९९९ मध्ये ते पेरोंच्या रिफॉर्म पक्षाकडून उभं राहायची चाचपणी करत होते, फेब्रुवारी २००० मध्ये थांबले. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षातून आले आणि आख्खा पक्ष ताब्यात घेतला. मेधाताईंचा ‘आतून बदला’ हा मार्ग सर्वांत यशस्वीपणे त्यांनीच वापरला.

मेधा_एडिसन

हे शेवटचं वाक्य मला लागलं, पण खरं आहे. प्रायमरीत गर्दी विभागलेली असेल तर तीस-पस्तीस टक्क्यांवर माणूस पुढे निघून जातो.

तरीही नवमतदार, तुझ्यासाठी हे लिहिते. आमच्या न्यू जर्सीत प्रायमरीच्या मतपत्रिकेवर ‘काउंटी लाइन’ नावाचा प्रकार होता. काउंटीतल्या पक्षनेत्यांनी ज्यांना पसंती दिली त्यांची नावं एका ओळीत ठळक, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. मतदाराला वाटायचं कोपऱ्यातला कोणीतरी किरकोळ आहे. दशकानुदशकं हे चाललं. २०२४ मध्ये अँडी किम यांनी सिनेटची निवडणूक लढवताना याविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला आणि मार्चअखेर न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती पद्धत थांबवली. किम नोव्हेंबरमध्ये सिनेटवर निवडून आले. त्यांच्यामागे वर्षानुवर्षं या पद्धतीविरुद्ध ओरडणारे माझ्यासारखे साधे कार्यकर्ते होते. वरच्या नेत्यांना आमचा राग यायचा. आम्हाला बैठकांना बोलावणं बंद झालं होतं. पण आम्ही पक्षात होतो म्हणून आम्हाला ती मतपत्रिका कशी छापली जाते हे ठाऊक होतं.

कोरी जागा कोणाला दिसते गं? तिचा अर्थ ज्याला त्याला हवा तसा लावता येतो.

शीड (पोर्टलंड, मेन)

आमच्या राज्याचं नाव कोणीच घेतलं नाही! १९९२ मध्ये पेरो मेनमध्ये दुसरे आले, साधारण ३० टक्के, आणि ज्यांचं उन्हाळी घर इथे केनेबंकपोर्टला होतं ते अध्यक्ष बुश तिसरे. आम्ही १९७४ मध्ये अपक्ष गव्हर्नर निवडला, १९९४ मध्ये अँगस किंग यांना निवडलं, तेच आता सिनेटमध्ये अपक्ष आहेत. म्हणजे अपक्ष इथे राज्य करून दाखवतात.

पण २०१० मध्ये मतं फुटली आणि पॉल लपाज ३८ टक्क्यांच्या आतबाहेर मतांवर गव्हर्नर झाले. त्या अनुभवातून २०१६ च्या सार्वमतात आम्ही पसंतीक्रमाचं मतदान आणलं. आता मी पहिली पसंती मनातल्या माणसाला देते, दुसरी त्यातल्या त्यात बऱ्याला. पहिला बाद झाला तर माझं मत दुसऱ्याकडे जातं. २०२० पासून अध्यक्षपदालाही हीच पद्धत. मिशिगनमध्ये हे असतं तर नवमतदारला जागा कोरी सोडावी लागली नसती.

मात्र २०२४ मध्ये कोलोरॅडो, नेवाडा, आयडाहो, ओरेगन इथल्या मतदारांनी हीच पद्धत नाकारली. त्याचं मला फार वाईट वाटतं. पक्षांचा विरोध होता हे एक कारण, पण लोकांना मोजणी गुंतागुंतीची वाटते हेही खरं, आणि त्यावर आमच्यासारख्यांनी पुरेसं बोललेलं नाही.

इतिहासवेडा

पसंतीक्रमानेही २७० चा, म्हणजे अध्यक्ष व्हायला लागणाऱ्या इलेक्टोरल मतांचा, प्रश्न सुटत नाही. तिसऱ्याने खरोखरच काही राज्यं जिंकली आणि कोणालाच २७० इलेक्टोरल मतं मिळाली नाहीत, तर निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. कॅलिफोर्नियाला एक, वायोमिंगला एक. १८२४ मध्ये जॅक्सन पुढे असून अध्यक्ष झाले ॲडम्स. तिथे पुन्हा पक्षच ठरवणार.

मेधा_एडिसन

आणि २००० चं फ्लोरिडा. ग्रीन पक्षाचे तिसरे उमेदवार नेडर यांना ९७,४८८ मतं, आणि डेमोक्रॅट गोर यांच्यावर धाकट्या बुश यांचं मताधिक्य ५३७. काका, टेक्ससात १९७६ नंतर अध्यक्षपदाचा डेमोक्रॅट उमेदवार जिंकलेला नाही, तिथे तुम्ही तिसऱ्याला मत दिलंत तर निकाल हलत नाही. तीच सूट मिशिगनच्या मुलीला देऊ नका.

प्लेनोकर

१९९२ मध्ये मतदान करून बाहेर पडलेल्या पेरो मतदारांना दुसरी पसंती विचारली होती, ती बुश आणि क्लिंटन यांच्यात जवळजवळ समसमान निघाली. तेव्हा प्रत्येक तिसरा उमेदवार नेडर नसतो. पण राज्याराज्यांतला फरक तुम्ही म्हणता तो खरा, आणि नवमतदारने काय करावं हे मी सांगणार नाही. मी पुन्हा तसा कोणी उभा राहिला आणि त्याच्याकडे पेरोंसारखा एक ठोस प्रश्न असेल, नुसता राग नसेल, तर सही करेन.

नवमतदार

मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनोंदणी नसते. ऑगस्टच्या प्रायमरीत कोणत्याही एका पक्षाचा रकाना भरता येतो, हे मला आतापर्यंत माहीत असून मी कधी केलं नव्हतं. यंदा करणार आहे. मेधाताई, काउंटीच्या बैठकांना बाहेरच्या माणसाला बसू देतात का? तुमच्याकडे देत असतील तर इथे कोणाला विचारायचं ते सांगाल?

नोव्हेंबरचं मात्र अजून ठरवलेलं नाही, आणि जागा कोरी सोडल्याचा पश्चात्तापही नाही.