न हुंगता परफ्युम मागवायचाय, वाळ्याचा. मदत हवी आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

३० जूनला बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त होतायत. त्यांना वाळ्याचा वास असलेला चांगला परफ्युम द्यायचाय. त्यांच्या लहानपणी दिंडोरीच्या घरात उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे असायचे आणि दुपारी त्यांच्यावर पाणी मारायचं काम बाबांचं होतं. अजूनही माठात वाळ्याची जुडी टाकली की पहिला पेला ते नाकाशी धरतात, मग पितात. मला तोच वास हवाय, ओल्या मुळांचा.

आधी अत्तरच बघितलं. भद्रकालीत एका अत्तरवाल्या काकांनी दोन शिश्या उघडून दाखवल्या. स्वस्तातलं अत्तर थेट खसच्या सरबतासारखं, गोड. दुसरं रूह खस, म्हणजे मुळांचा अस्सल अर्क. ते मनगटावर लावल्यावर मी पाच मिनिटं काही बोललेच नाही, इतकं ते आजीच्या घरासारखं होतं. पण ते दाट असतं, रंगाने हिरवट, आणि बाबा रोज पांढरा शर्ट घालतात. डाग पडला की ते पुन्हा हात लावणार नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून फवारायची बाटली हवी.

आता खरी अडचण. कॉलेज रोड, गंगापूर रोड, मॉलमधले काउंटर, सगळीकडे फिरले. मला हवे असलेले परफ्युम कुठेच टेस्टरला नाहीत. ऑनलाइन मिळतात, पण सील उघडलं की परत घेत नाहीत. आणि नुसती वर्णनं वाचून मी एकदा फसले आहे. 'जास्मिन' वाचून आईसाठी बाटली मागवली, मनात मोगरा होता. आलं ते साबणासारखं काहीतरी. नंतर कळलं की परफ्युमच्या यादीत नुसतं जास्मिन लिहिलं असेल तर बहुतेक वेळा ते जाई-चमेलीच्या अंगाचं असतं. मोगरा हवा असेल तर 'सांबॅक' शब्द शोधायचा. आईने ती बाटली कपाटात नीट ठेवली आहे, वापरत नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

वाळ्याचंही तसंच दिसतंय. यादीत 'व्हेटिव्हर' लिहिलेलं असतं, पण हैतीचा वाळा स्वच्छ आणि हलका, जावाचा धुरकट, आणि आपला मातीचा, हिरवा, असं वाचलं. शिवाय बरोबर काय घातलंय त्यावरही बरंच ठरतं. २००६ मध्ये आलेल्या 'तेर द एर्मेस'चं नाव सगळेच घेतात, पण त्यात संत्र्या-ग्रेपफ्रूटचा भाग बराच आहे म्हणे. गेरलँच्या 'वेतिव्हेर'मध्ये तंबाखूची छटा. बाबांनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही, त्यांना तो वास चालेल का?

तर ज्यांनी खरंच वापरलेत त्यांनी सांगा:

सुरुवातीचा लिंबूवर्गीय वास १५-२० मिनिटांत उडाला की मागे काय उरतं? ओलं मूळ, की धूर, की नुसतं लाकूड? माठातल्या पाण्याशी तुलना करून सांगितलंत तर मला लगेच कळेल. आपल्याकडच्या उकाड्यात सकाळी मारलेला दुपारपर्यंत टिकतो का?

२ मिलीच्या सॅम्पल शिश्या विकणारे कुणी भरवशाचे आहेत का? मोठ्या बाटलीतून काढून देणारे बरेच दिसतात, पण आत खरा माल आहे हे ओळखायचं कसं? तीन-चार सॅम्पल आधी मागवून बाबांच्या नकळत त्यांच्या रुमालाला लावून बघायचा विचार आहे. पण कापडावरचा वास आणि अंगावरचा वास यांत फार फरक पडतो का?

बजेट साडेसहा हजारांपर्यंत. नाशिकमध्ये कुणाकडे यातली एखादी बाटली असेल आणि मनगटावर एक फवारा मारू देणार असाल, तर मी इंदिरानगरहून कुठेही यायला तयार आहे.