उ: बेल्ट-क्लच बदलल्यावर फिएस्टा सुरू होत नाही

फोर्ड फिएस्टा १.४ टीडीसीआयचा (डिझेल) टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (पिस्टनचा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्हचा दांडा) एका तालात फिरवणारा पट्टा, आणि क्लच तुम्ही घरीच बदललात. आता स्टार्टर फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, आणि क्लचचं पेडल स्पंजसारखं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन वेगळे आजार धरा.

आधी स्टार्टर मारणं थांबवा! टायमिंग चुकलं असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात, मग हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागू शकतं. लॉकपिना (बेल्ट बसवताना क्रँक आणि कॅम जागेवर धरणाऱ्या पिना) काढून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि हाताने, इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने पूर्ण दोन फेरे द्या. मध्येच काही अडलं तर जोर लावू नका. दोन फेऱ्यांनंतर क्रँक आणि कॅम दोन्हींच्या पिना सहज बसल्या, तर बेल्ट बरोबर आहे. मग क्रँकचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरकडे वळा. तो बेल्टच्याच बाजूला असतो; त्याचा कनेक्टर निसटलाय का, तारेला चिमटा बसलाय का, बघा. डिझेलचा पाइप सोडवला असेल तर हवा शिरली असणार, ती काढा.

क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या आत आहे, त्यामुळे बॉक्स पुन्हा उतरवण्याआधी ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा काढणं, नीट करा. तेल ब्रेकच्याच डब्यातून येतं, तो रिकामा होऊ देऊ नका. पेडल कडक होऊनही, इंजिन चालू असताना पहिला गिअर करकरला, तर क्लच प्लेट उलटी बसली असण्याची शक्यता आहे. हसू नका, मी केलंय हे. अख्खा रविवार गेला होता.

पिना बसतात का, तेवढं आधी कळवा.