मदत हवी आहे: पेटीवाला बासरी शिकतोय

नमस्कार मंडळी. मी गिरगावात राहतो, वय ४६. वीस वर्षं भजन आणि नाट्यसंगीताला पेटीची साथ करतोय. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही, ही रुखरुख कायमची, म्हणून तीन महिन्यांपूर्वी सफेद तीनची (म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा असलेली) बासरी घेतली. मध्य सप्तक बरं लागतं. पण सहाही छिद्रं झाकून मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) धरला की अनामिकेखालून हवा निसटते आणि सूर फाटतो. पेटीमुळे बोटांची टोकंच टेकवायची सवय, पेरं सपाट बसत नाहीत.

सफेद पाचची लहान बासरी घेऊन आधी हात बसवावा का? की त्याने पुन्हा वेगळीच सवय लागेल? दादर-गिरगाव पट्ट्यात संध्याकाळी सातनंतर मोठ्या माणसांना मनापासून शिकवणारे गुरुजी कुणाच्या माहितीत आहेत का?