मदत हवी आहे : सांभाळायला आणलेला म्हातारा कुत्रा अचानक कोसळतोय

मनवा_वाई (रात्री ११:१२)
लगेच उत्तर हवंय. आबा संध्याकाळपासून उभाच राहत नाहीये. उठवला की धपकन डाव्या अंगावर पडतो. दोनदा उलटी झाली, दहीभात हुंगलासुद्धा नाही. आमच्या डॉक्टरांचा फोन बंद. लकवा असेल का? सकाळपर्यंत थांबू की आत्ताच गाडी काढू? शेजारच्या काकू म्हणतात, आता त्याला मोकळं करा. ते मला ऐकायचं नाहीये. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनीच लिहा.

कैरीपन्हं (११:१९)
आबा म्हणजे कुत्रा ना? मी आधी घाबरलेच. वय, वजन, जात? औषधं काही चालू आहेत का?

मनवा_वाई (११:२३)
हो, लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर. दातांवरून डॉक्टरांनी बारा-तेरा वर्षांचा सांगितला. तीन आठवड्यांपूर्वी गणपती घाटावर कुणीतरी सोडून गेलं, गळ्यात पट्टा तसाच. इथल्या एका ताईंनी उचलला आणि घर मिळेपर्यंत माझ्याकडे दिला. ताई लग्नाला गेल्यात, फोन लागत नाही. गोळ्या वगैरे काही चालू नाही. आता सांगा.

रॉकीचा_बाबा (११:२८)
लॅबचे मागचे पाय म्हातारपणी जातातच. आमच्या रॉकीचं शेवटची दोन वर्षं हेच होतं. लादीवर घसरतात, आधी सगळीकडे चटया टाका. आज रात्रीपुरती अर्धी कॉम्बिफ्लाम द्या, कळ थांबेल.

सोनचाफा (११:३०)
कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका! त्यात आयब्युप्रोफेन असतं. कुत्र्याच्या पोटात त्याने अल्सर होतात, किडनी निकामी होऊ शकते. आणि मागचे पाय गेलेला कुत्रा एकाच बाजूला कोसळत नाही.
मनवा, तीन गोष्टी बघून सांग. मान एका बाजूला कलली आहे का? डोळ्यांची बुबुळं आपोआप हलतायत का, आडवी की वर-खाली? पंजाची बोटं चिमटली की पाय ओढून घेतो का?

रॉकीचा_बाबा (११:३४)
मी अर्धीच म्हटलं होतं. आमच्या गावाला गुरांना दुखण्यावर सर्रास डायक्लोफिनॅक टोचायचे, काही होत नव्हतं.

खिलारी (११:३९)
पशुसंवर्धन खात्यात तीस वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. गुरांना काही व्हायचं नाही, पण तीच जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं किडन्या निकामी होऊन मेली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. एका जातीला चाललं म्हणून दुसऱ्या जातीला चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

कैरीपन्हं (११:४२)
आमच्या आजोळी ओढ्याकाठी ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. आता एक दिसत नाही.

मनवा_वाई (११:४४)
गिधाडांसाठी वेगळा धागा काढा, प्लीज. सोनचाफाताई, मान डावीकडे कललीये. बुबुळं आडवी हलतायत, सारखी, झटका देऊन परत जागेवर. बघवत नाही. पाय मात्र ओढून घेतो. हाक मारली की शेपूट आपटतो.

माऊची_आई (११:४६)
लाळ गळतेय का? रेबीजची लस झाली आहे का त्याची? रस्त्यावरचा कुत्रा आहे, उगाच तोंडात हात घालू नका. तुम्हाला ओरखडा, चावा काही?

रॉकीचा_बाबा (११:४७)
आधीच घाबरलीय ती, त्यात रेबीज कशाला काढता?

माऊची_आई (११:४८)
घाबरवत नाहीये. हा प्रश्न पहिला विचारायचा असतो. चावला असेल तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लस घ्यायची, रात्र घालवायची नाही.

मनवा_वाई (११:५०)
चावला नाही. लस ताईंनी आणला त्याच दिवशी दिली, आधीची माहीत नाही. लाळ उलटीच्या वेळीच आली.

सोनचाफा (११:५५)
हे बहुतेक लकवा नाही, तोल गेलाय. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती बिघडली की कुत्र्याला सगळं घर गरगर फिरताना दिसतं. उलटी त्यामुळेच. म्हाताऱ्या कुत्र्यांत हे एका तासात होऊ शकतं आणि दिसायला इतकं भयंकर असतं की लोक त्याच दिवशी इंजेक्शन देऊन मोकळे होतात. पुष्कळ कुत्रे दोन-तीन दिवसांत सावरायला लागतात, दोन-तीन आठवड्यांत चालतात. माझ्या ठकीची मान शेवटपर्यंत थोडी वाकडी राहिली, पण ती त्यानंतर दीड वर्ष मजेत जगली.

स्पष्ट_बोलतो (रात्री १२:०२)
तेरा वर्षांचा, मालकाने टाकलेला, तोल गेलेला. हाल लांबवण्यात कसलं प्रेम? काकूंचं बरोबर आहे.

सोनचाफा (१२:०६)
सांभाळायला आणलेल्या दोघांना मी मांडीवर घेऊन निरोप दिलाय, त्यामुळे तो निर्णय मला कळत नाही असं समजू नका. पण तो तपासणीनंतर घ्यायचा असतो, रात्री बारा वाजता घाबरून नाही. हाक ऐकून शेपूट आपटतोय तो.

खिलारी (१२:०९)
कानाला वास आहे का? पू, खाज? कानात काही घातलंत का?

मनवा_वाई (१२:१२)
डाव्या कानाला वास यायचा म्हणून ताईंनी ठेवलेले ड्रॉप्स सहा दिवस घालतेय. ते औषधात धरलंच नाही मी. बाटलीवर जेंटामायसिन लिहिलंय.

खिलारी (१२:१५)
आत्ता बंद करा. कानाचा पडदा फाटलेला असेल तर हे औषध आत उतरतं आणि आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेलाच इजा करतं. त्यानेच झालं असं मी म्हणत नाही. जुना संसर्ग आत गेला तरी असंच दिसतं, कधी काहीच कारण सापडत नाही. पण पडदा पाहिल्याशिवाय पुढचा थेंब नको.
बुबुळं वर-खाली हलू लागली, फिट आली, शुद्ध हरपली किंवा उलटी थांबेना, तर रात्रीच निघा. नाहीतर सकाळी पहिल्यांदा शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय, आधी फोन करून. जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, त्यामुळे घाटाच्या वळणांनी त्याला आणखी गरगरणार नाही.

सोनचाफा (१२:१९)
रात्रीसाठी : कोपऱ्यात गादी, दोन्ही बाजूंना गोधडीचे लोळ, म्हणजे छातीवर बसता येईल. दिवा चालू ठेव, अंधारात त्याला आणखी गरगरतं. पाणी तोंडात ओतू नकोस, फुप्फुसात जाईल. वाटी हनुवटीशी धर. शू करायला पोटाखालून पंचा घालून उचल.

वकीलकाका (१२:३१)
सोसायटीने त्रास दिला तर घाबरू नका. कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालणारा ठराव टिकत नाही. लेखी मागा.

मनवा_वाई (१२:३३)
काका, माझं बैठं घर आहे. धन्यवाद सगळ्यांना. जागीच आहे मी.

मनवा_वाई (दुसऱ्या दिवशी दुपारी ४:४०)
शिरवळला जाऊन आलो. कान पुवाने भरलेला, धुतल्यावर पडदा फाटलेला दिसला. ड्रॉप्स बंद, पोटातून अँटिबायोटिक, उलटीचं इंजेक्शन, सलाईन. गाडीत डोकं सारखं माझ्या दंडाला टेकवून होता, दंड हलला की घाबरायचा. घरी आल्यावर माझ्या बोटांवरचं उकडलेलं अंडं चाटून खाल्लं.

मनवा_वाई (सहाव्या दिवशी सकाळी ८:०५)
आज स्वतः उठून तुळशीपर्यंत गेला. पाणी पिताना मान वाकडी, त्यामुळे अर्धं पाणी डाव्या ओठातून खाली. वाटीखाली परात ठेवलीये. एक विचारायचं होतं, रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, २.१ आलंय. दहीभात चालेल का?

रॉकीचा_बाबा (८:२०)
खूप बरं वाटलं वाचून. त्या रात्रीच्या गोळीबद्दल मी चुकलो. दहीभात बिनधास्त द्या.

सोनचाफा (८:२४)
बिनधास्त नको. दह्यात फॉस्फरस असतं, किडनी थकली असेल तर ते जड जातं. मनवा, रक्त सलाईनच्या आधी घेतलं की नंतर? उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तरी आकडा चढतो. फॉस्फरस किती आलं? लघवी तपासली का? पूर्ण रिपोर्ट टाक.