प्रदर्शनाच्या पाट्यांमधल्या साचेबद्ध समजुती कशा काढायच्या?

खापर: जगभरातल्या वारशावरच्या प्रदर्शनासाठी पाट्यांचा मसुदा तयार आहे. पण आफ्रिका आली की ‘गूढ’, अमेरिकेतले मूलनिवासी आले की ‘निसर्गाची लेकरं’, व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी, आले की शिंगांचं शिरस्त्राण! असे शब्द गाळले की पुरे का? प्रत्येक पाटी साधारण ८० शब्दांची आहे.

शिलालेख: शब्द गाळून भागणार नाही. प्रत्येक वाक्यात कर्ता शोधा. ‘ही भिंत बांधण्यात आली’ असं दिसलं की विचारा, कोणी बांधली? कर्ता गायब झाला की वाचणारा ती जागा आपल्या मनातल्या समजुतीने भरतो.

आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या दगडी शहराच्या अवशेषांचं तेच झालं. चुना-गारा न वापरता रचलेल्या त्या उंच दगडी भिंती आफ्रिकी लोकांच्या असतील हे वसाहतवाल्यांना पटेना, म्हणून श्रेय भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन फिनिशियन व्यापाऱ्यांना आणि बायबलमधल्या शेबाच्या राणीला. नुसत्या श्रेयावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. १९०२ मध्ये या अवशेषांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या रिचर्ड हॉल यांनी ‘खरे’ परके बांधकामकर्ते शोधण्यासाठी आफ्रिकी वस्तीचे थर कचरा समजून उपसून टाकले. समजुतीने पुरावाच नष्ट केला, आणि तो परत मिळत नाही. पुढे १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी उत्खननातून बांधणारे आफ्रिकीच होते हे दाखवलं. पाटीवर निष्कर्षासोबत ‘हे कशावरून कळलं’ याचंही एक वाक्य हवंच.

निगेटिव्ह: फोटो तपासलेत का? अमेरिकेतल्या मूलनिवासींचे फोटो काढणारे एडवर्ड कर्टिस यांच्या १९१० च्या सुमाराच्या ‘इन अ पिगन लॉज’ (पिगन या मूलनिवासी समाजाच्या तंबूत) या फोटोत दोन माणसांच्या मधे घड्याळ होतं. छापताना ते पुसून टाकलं, कारण घड्याळ बाळगणारा माणूस ‘अस्सल’ दिसत नव्हता. अशा चित्रांवर पोसलेली नजर आजच्या वंशजांनाही ‘आता पूर्वीचे राहिले नाहीत’ म्हणून मोकळी होते. मूळ काचेच्या निगेटिव्हवरची प्रत आणि छापील प्रत शेजारी लावा. तारीख, छायाचित्रकार आणि चित्रातला बदल, तिन्ही लिहा. समाज आज हयात असेल तर निदान एक वाक्य वर्तमानकाळात असू द्या.

दालन: शिंगांबद्दल एक धोका आहे. ‘व्हायकिंग शिंगांचं शिरस्त्राण घालायचे का? नाही!’ असं शीर्षक देऊ नका. घाईत बघणारा शिंगंच लक्षात ठेवतो. शीर्षकात खरी वस्तू हवी: नॉर्वेत १९४३ मध्ये सापडलेलं, दहाव्या शतकातलं, बिनशिंगांचं येर्मुन्डबू शिरस्त्राण. गैरसमज खाली एका ओळीत, उगमासह: १८७६ मध्ये जर्मनीत बायरॉइटला झालेल्या, संगीतकार वाग्नरच्या ऑपेराची वेशभूषा.

खापर: कर्ता, काळ, पुरावा, आजची स्थिती. सगळं ८० शब्दांत बसेल?

दालन: बसेल. विशेषणं काढली की जागा होते. छपाईआधी मसुदा साध्या कागदावर चिकटवून विषय न जाणणाऱ्या आठ-दहा जणांना वाचायला द्या. मग कागद झाकून विचारा: कोणी बनवलं, कशावरून कळलं? ‘आवडलं का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. दोघा-तिघांनी जरी जुनी समजूतच सांगितली, तरी पहिलं वाक्य बदला. चूक बहुधा तिथेच असते.