मदत हवी आहे: सांध्यातलं इंजेक्शन सोनोग्राफीत बघूनच द्यायचं का?

घाईतली आई
मुलीला परवा स्टिरॉइडचं इंजेक्शन आहे. एक डॉक्टर म्हणतात सोनोग्राफीवर बघत देऊ, दुसरे म्हणतात गरज नाही, सांधा हाताला लागतो. कुणाचं ऐकू? उद्या सकाळी कळवायचंय, प्लीज लवकर सांगा.

निवांत
कुठला सांधा? वय? आजार कोणता?

गुडघेमोडे
आमच्या पोराला गुडघ्यात दोनदा दिलं, सोनोग्राफी बिनोग्राफी काही नाही, दहा मिनिटांत मोकळे. उगाच बिल वाढवायची कामं.

काळापांढरा पडदा
गुडघा मोठा आणि वरवरचा असतो हो, त्यावरून सगळं ठरवू नका. खुब्यात न बघता सुई घालून दाखवा. मी सोनोग्राफी विभागातच आहे.

घाईतली आई
अहो घोटा!! लिहिलं नाही का मी? वय ६, जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात. मागच्या वेळी न बघताच दिलेलं, तिथे आता नखाएवढा पांढरा डाग आहे आणि बोट फिरवलं की खळगा लागतो.

निवांत
हे आधी सांगायचं ना!

काळापांढरा पडदा
औषध सांध्याबाहेर कातडीखाली झिरपलं की तसं होतं. घोट्यात बघूनच घ्या. तिथे सूज सांध्यातच असेल असं नाही, कधी बाजूच्या स्नायुबंधाच्या (टेंडनच्या) आवरणात असते, मग सांध्यात दिलेलं औषध वाया. पण नुसतं मशीन असून भागत नाही. लहान मुलांच्या हाडांची टोकं अजून कार्टिलेजचीच, म्हणजे मऊ कूर्चेचीच असतात, ती काळी दिसतात आणि पाणीही काळंच. प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीच्या अंगावर फिरवायच्या दांडीने, जरा दाबलं की पाणी सरकतं, कार्टिलेज जागचं हलत नाही. तेव्हा मुलांचे सांधे नेहमी बघणारं कोण आहे ते विचारा.

गुडघेमोडे
म्हणजे एवढ्याशा पोरीला रेडिएशन द्यायचं?

काळापांढरा पडदा
सोनोग्राफीत रेडिएशन नसतं. एक्स-रे वेगळा.

मोगरा
माझ्या सासूबाईंना खांद्यात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) दिलं, छान फरक पडला, तेही विचारून बघा.

निवांत
ताई, पोरगी ६ वर्षांची आहे.

चष्मेवाली
डोळे दाखवता ना नियमित? जेआयएत डोळ्याला आतून सूज येते आणि डोळा लाल होत नाही, दुखत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट लॅम्प मशीनखालीच कळतं. माझ्या भाचीचं असंच उशिरा कळलं.

घाईतली आई
डोळ्यांचं कुठे विचारलं मी? ती सुई बघूनच किंचाळते, त्याचं सांगा.

काळापांढरा पडदा
बधिर करायचं क्रीम तासभर आधी लावून ठेवतात. भूल देणार असतील तर किती तास उपाशी ठेवायचं ते आजच फोन करून विचारा.

घाईतली आई
बरं. विचारते. आणि ती डोळ्यांची फाइल सापडत नाहीये, शेवटचं कधी दाखवलं तेच आठवेना.